ऐकून अभ्यास, सांगून लेखन

तुमच्यापैकी काही जण ही पुस्तिका डोळ्यांनी वाचत नसून स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकत असतील आणि परीक्षेत लेखनिकाला उत्तर सांगणार असतील. या विभागात प्रामुख्याने दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना लागणाऱ्या या दोन कौशल्यांचा विचार करू. हाताच्या अपंगत्वामुळे लेखनिक घेणाऱ्यांनाही यातील उत्तरार्ध उपयोगी पडेल.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये लेखनिक व वाढीव वेळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीस दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक द्यावीत असे म्हटले आहे. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास मिळतात. मात्र या चौथ्या तासाचा उपयोग कसा करावा, हे कोणताही अधिनियम शिकवीत नाही.

ऐकताना हरवणारी अक्षरे

केवळ ऐकून मराठीचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक खास अडचण असते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. आपल्या नेहमीच्या उच्चारात हे भेद जवळजवळ पुसले जातात. ‘आणि’ हा शब्द तुम्ही हजारो वेळा ऐकला असेल, पण त्याची वेलांटी पहिली की दुसरी हे कानाला कळत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार सामान्यतः दीर्घ असतो. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याला अपवाद आहेत. डोळस विद्यार्थ्याला असे अपवाद नकळत पाठ होतात. तुम्हाला ते जाणीवपूर्वक मिळवावे लागतात. याला बुद्धीची उणीव समजणारे शिक्षक आजही आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

याच्या उलटही घडते. ‘जरा थांबा’ मधील ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ हे लिपीत एकच, पण उच्चारात भिन्न. संगणकाच्या आवाजाला हा भेद साधेलच असे नाही. तेव्हा संदर्भ पाहूनच अर्थ लावावा.

यावर उपाय असा की, पहिल्या वेळी मजकूर सलग ऐकावा आणि दुसऱ्या वेळी अपरिचित शब्दांपाशी थांबून ते अक्षर-अक्षर ऐकावेत. एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरमध्ये बाणाच्या कळीने एकेका अक्षरावरून पुढे जाता येते. निवडलेला आवाज वेलांटी वा उकार नीट सांगत नसेल, तर दुसरा आवाज लावून पाहावा. असे शब्द एका स्वतंत्र फाइलमध्ये साठवावेत.

ब्रेल येत असल्यास त्याचा अवश्य उपयोग करावा. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांची चिन्हे वेगळी असल्याने बोटाला भेद लगेच कळतो. छापील लिपीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. जोडाक्षरात मात्र हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते. लेखनिकाला शब्द फोडून सांगताना हा क्रम मनातून बाजूला ठेवावा, अन्यथा त्याचा गोंधळ होतो.

लेखनिकाला सांगणे

बोलणे आणि लिहून घेण्यासाठी सांगणे यांत मोठे अंतर आहे. बोलताना आपण वाक्य अर्धवट सोडतो, मागे जातो, दुरुस्ती करतो. परीक्षकापर्यंत तुमचा आवाज वा त्यातील चढउतार पोहोचत नाहीत. त्याच्या हाती फक्त कागद असतो. म्हणून वाक्य मनात पूर्ण करून मगच उच्चारावे. वाक्ये आखूड ठेवावीत. ‘नवा परिच्छेद’, ‘स्वल्पविराम’, ‘अवतरणचिन्ह सुरू’ हे शब्दांत सांगावे.

लेखनिक बहुधा आपल्या विषयाचा नसतो. ‘स्वनिम’ ही संज्ञा त्याने कधी ऐकलेली नसते. तो ‘सोनिम’ लिहील. त्याला सांगावे: ‘स’ला ‘व’ जोडलेला, ‘न’ला पहिली वेलांटी, मग ‘म’. एकदा सांगितलेली संज्ञा कच्च्या कागदावर लिहून ठेवण्याची विनंती करावी, म्हणजे ती पुन्हा फोडावी लागत नाही. उत्तराचे चार-पाच मुद्दे आरंभीच त्याच कागदावर उतरवून घ्यावेत. मध्येच विचारांचा धागा तुटला, तर ते वाचून दाखवण्यास सांगता येते. शेवटी किमान एक मोठे उत्तर पूर्ण वाचून घ्यावे. संकोचापोटी बरेच जण हे टाळतात. वाढीव वेळ यासाठीही असतो, आणि उत्तरपत्रिका तुमची आहे.

स्वाध्याय

घरातील कोणालाही, शक्यतो भाषाशास्त्र न शिकलेल्या व्यक्तीला, लेखनिक म्हणून बसवा. ‘स्वन आणि स्वनिम यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर २० मिनिटांत सांगा. मग त्याच व्यक्तीकडून ते अक्षरशः, विरामचिन्हांसह वाचून घ्या. कोठे थांबावे लागले, कोणता शब्द चुकीचा लिहिला गेला, याची नोंद करा. एका आठवड्याने तोच प्रश्न दुसऱ्या व्यक्तीला सांगून पाहा.