निरोपावरील मुद्रा

निरोप ज्याच्या नावाने आला त्यानेच तो पाठविला असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. ही अडचण संगणकाच्या काळात नव्याने उद्भवलेली नाही. २८ जुलै १८५८ रोजी बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई याच्याशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कराराच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८७७ मध्ये हुगळी येथे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेण्यास त्याने प्रारंभ केला; मृताच्या नावाने वेतन उचलणाऱ्या तोतयांना त्यामुळे आळा बसला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठसे-कार्यालय निघाले. तेथे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी १,०२४ खणांत बसविली.

तथापि ठशाला एक मर्यादा आहे. तो माणूस ओळखवितो. करारातील आकडा मागाहून बदलला, तर त्याविषयी तो मूक राहतो. संगणकांमधील निरोपांना याहून कडक मुद्रा लागते.

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील एखादा ग्रंथविक्रेता महाजालावरून विक्री करतो, अशी कल्पना करू. ग्राहकाने पैसे भरताच पेढीचा संगणक विक्रेत्याच्या संगणकास आपण होऊन कळवितो, ‘अमुक मागणीचे पैसे पोचले.’ या व्यवस्थेस ‘वेबहुक’ म्हणतात. निरोप घेणारा पत्ता महाजालावर उघडा असतो. त्यावर कोणीही लिहू शकतो. बनावट निरोप खरा ठरला, तर दाम न देता ग्रंथ दुकानाबाहेर जातील.

यावर उपाय म्हणून पेढी व विक्रेता एक गुप्त किल्ली आपसांत ठरवितात. निरोपातील प्रत्येक अक्षर आणि ती किल्ली यांवरून गणिताने एक मुद्रा काढली जाते. बेलारे, कानेट्टी व क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘एचमॅक’ ही त्यासाठी रूढ झालेली रीत होय. निरोप मिळाल्यावर विक्रेत्याचा संगणक तीच मुद्रा स्वतः काढून आलेल्या मुद्रेशी ताडून पाहतो. एक अक्षर बदलले तरी दोन्ही जुळत नाहीत.

रीत निर्दोष असली तरी तिची योजना सदोष असू शकते. संकेतस्थळे ज्या तयार चौकटींवर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभारली जातात, त्यांत पुढील दोष संभवतात.

पहिला दोष सर्वांत घातक. किल्ली नोंदविण्यास कोणी विसरला, तर काही कार्यक्रम तपासणीच वगळतात किंवा कोरी किल्ली वापरतात. कोरी किल्ली सर्वांनाच ठाऊक असते! दुरुस्ती अशी, की किल्ली नसल्यास एकही निरोप स्वीकारू नये.

दुसरा दोष ताडून पाहण्यातील. साधी तुलना पहिल्या न जुळणाऱ्या अक्षरापाशी थांबते. त्यामुळे उत्तरास लागणाऱ्या सूक्ष्म वेळेवरून किती अक्षरे जुळली याचा सुगावा लागू शकतो. मुद्रा ६४ अक्षरांची आणि प्रत्येक अक्षराचे १६ पर्याय असतील, तर सरसकट अंदाज करणे अशक्यप्राय असते. परंतु एकेक अक्षर वेगळे कळू लागले, की फार तर ६४ × १६, म्हणजे १,०२४ पर्यायच पारखावे लागतात. म्हणून तुलना अखेरच्या अक्षरापर्यंत, नेहमी समान वेळात व्हावी.

तिसरा दोष जुन्या निरोपाचा. खरा निरोप पकडून तो पुन्हा धाडला, तर मुद्रा खरीच ठरते. यासाठी पाठविल्याची वेळ व निरोपाचा क्रमांक हे मुद्रेच्या हिशेबात घ्यावेत, शिळा निरोप नाकारावा आणि एकदा अमलात आणलेला क्रमांक पुन्हा मानू नये.

दुरुस्तीनंतर खरा निरोप स्वीकारला गेला, एवढ्याने परीक्षा पुरी होत नाही. बिनमुद्रेचा, एक अक्षर बदललेला आणि शिळा असे तीन निरोप मुद्दाम धाडून पाहावेत. तिन्ही परतविले गेले, म्हणजेच पहारा जागा आहे असे समजावे.