बट्टा

सुरत, 20 जून 2025

चि. निखिलेश यास,


काल फोनवर म्हणालास, "आत्या, एका कंपनीचं शुल्क शून्य आहे, तिथूनच जर्मनीला पैसे पाठवतो." घरात पाहुणे होते, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

महिधरपुऱ्यातल्या हिऱ्यांच्या पेढीत मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. निर्यातीचे डॉलर आले की शेठ बँकेच्या डीलरला फोन लावायचे आणि पाच-पाच पैशांसाठी हुज्जत घालायचे. "छेल्लो भाव बोलो" दोन-तीनदा तरी व्हायचंच. त्याच शेठनी मुलीची फी कॅनडाला पाठवली तेव्हा मात्र शाखेत सांगितला तो दर मुकाट्याने दिला. मी विचारलं, तर म्हणाले, "ए तो घरनुं काम छे ने!"

परकीय चलनाचा दर ही बिस्किटपुड्यावर छापलेली किंमत नव्हे. बँका आपसांत एका दराने युरो घेतात आणि तुला त्यावर चढवून विकतात. तो चढ पावतीवर वेगळा दिसत नाही. समज, बाजारात युरो 99 रुपयांना आहे आणि तुला 101 ने मिळाला. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तुला 11,904 युरो भरायचेत. म्हणजे 23,808 रुपये नुसत्या दरात गेले. हजाराचं शुल्क माफ करून तेवीस हजार घेणारा दानशूर कसला?

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, बट्टा. इथल्या नाणावट भागाचं नावच नाण्यांच्या व्यवहारावरून पडलेलं. मोगलाईत सुरतेच्या टांकसाळीतून आलेला ताजा रुपया पुऱ्या किमतीला चाले, मागच्या सालांच्या रुपयावर सराफ बट्टा कापत. (बट्टा न देता सुरतेतून पैसा नेला तो शिवाजी महाराजांनी, 1664 साली आणि पुन्हा 1670 साली. आपल्याला तो मार्ग मोकळा नाही.)

एफबीआयएल या संस्थेचा युरोचा संदर्भ दर कामाच्या दिवशी दुपारी जाहीर होतो, तो आधी पाहा. मग एकाच तासात तीन ठिकाणी एकच प्रश्न विचार: "तिकडे पूर्ण 11,904 युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" दर, शुल्क, जीएसटी असे तुकडे ऐकत बसू नकोस, शेवटचा आकडा लिहून घे. सर्वांत कमी आकडा घेऊन दादाच्या बँकेत जा. शाखेतला माणूस "सिस्टीममध्ये हाच दर येतो" म्हणेल. "ट्रेझरीला विचारून सांगा, मी थांबतो" म्हण आणि खरंच थांब.

"पूर्ण" हा शब्द विसरू नकोस. स्विफ्टने जाणाऱ्या पैशातून मधली बँक कधी दहा-वीस युरो कापते. रक्कम तेवढी कमी पोचली तर खात्याचं प्रमाणपत्र अडतं. म्हणून अर्जात सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'अवर' (OUR), असं लिही. आणि रक्कम एकदाच पाठव. जीएसटीची पायरी अशी आहे की दोन तुकड्यांत जास्त पडतो, शिवाय स्विफ्टचं शुल्कही दोनदा.

टीसीएसला, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराला, दादा घाबरलाय, ते उगाच. 2025 च्या एप्रिलपासून वर्षाला 10 लाखांपर्यंत तो नाही. त्यावरच्या रकमेला शिक्षणासाठी 2025-26 या वर्षी 5 टक्के, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेस तर तोही नाही. कापला गेलाच तर विवरणपत्रात दाखवून वळता होतो. फक्त अर्जावर कारण 'शिक्षण' असंच पडलंय ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

दर उतरेल म्हणून वाट पाहू नकोस. 2013 च्या मे महिन्यात डॉलर 54-55 च्या आसपास होता. शेठना कच्च्या मालाचे पैसे द्यायचे होते, "उतरेल, उतरेल" करत राहिले. 28 ऑगस्टला तो 68 च्या वर गेला. त्या दिवशी पेढीत कुणी चहासुद्धा मागवला नाही.

बाजारात कुणीतरी नक्की भेटेल आणि "इथे रोख द्या, तिकडे युरो मिळतील, दरही चांगला" म्हणेल. तो हवाला. परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. त्याच्याशी बोलायलाही उभा राहू नकोस.

तिकडे दुकानात कार्ड लावलंस की मशीन विचारेल, रुपयांत की युरोत. युरोत म्हण.

तिन्ही आकडे मिळाले की मला फोटो पाठव, गुरुवारी दुपारनंतर मी मोकळी आहे. आणि येताना वहिनीला कळण्याचं पीठ द्यायला सांग.

तुझी,
आत्या