हक्क बजावणाऱ्यांची नावे आधी

दारव्हा, जिल्हा यवतमाळ

चि. भाच्यास,

तू नायब तहसीलदार म्हणून रुजू होण्यापूर्वी, आजोबांनी व त्यांच्या सोबत्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध केलेले कार्य मी तुला लिहून कळवावे, अशी तुझी इच्छा वाचून समाधान वाटले.

नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न वऱ्हाडभर गाजू लागला, तेव्हा बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, आपल्या मळ्यातील विहीर महारवाड्यास खुली केली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, हे बाबा ओसरीवर जमलेल्या सोबत्यांना अभिमानाने सांगत. परंतु त्या ओसरीवर बसणाऱ्या सर्वांना सारखीच झळ लागली, असे समजू नकोस. बाबांना जातभाईंनी पंगतीतून वगळले, एवढेच. महारवाड्यातील सोबत्यांचे मात्र बलुते थांबले, आणि कापसाच्या वेचणीच्या ऐन हंगामात त्यांच्या बायकांना कोणी कामावर घेईना. आमच्या घरी जवारीची कणगी भरलेली होती, त्यांच्या घरी सांजच्या भाकरीची भ्रांत होती. तरीही त्या बायका रोज घागरी घेऊन आल्या, आणि त्या आल्या म्हणूनच ती विहीर खुली राहिली.

सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला, महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले. तथापि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तोवर तो ठराव दप्तरातच पडून होता.

तुझ्या हाती आता अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा आहे. गावात चौकशीस जाशील तेव्हा पाटलाच्या वाड्यावरील चहापूर्वी फिर्यादीच्या दारी जा, त्याची जबानी त्याच्याच वस्तीत बसून घे, आणि तक्रार केल्यामुळे कोणाची मजुरी बंद झाली काय, हे पुन्हा पुन्हा जाऊन पाहा. न्याय देताना आपण उपकार करीत आहोत, असा भाव मनास शिवू देऊ नकोस.

बाबांच्या सोबत्यांची यादी सोबत पाठवीत आहे. घागर घेऊन प्रथम आलेल्या बायकांची नावे मी वर लिहिली आहेत, बाबांचे सर्वांत खाली. पुढे कोणास ही हकीकत सांगशील, तेव्हा हाच क्रम ठेव.

तुझी,
मावशी