औलीचे हिम आणि काशीची गंगा

काशीतील मुन्शी घाट नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो. या घाटाच्या पायऱ्यांना स्पर्श करून जाणाऱ्या गंगेच्या पाण्यात हिमालयातील वितळलेल्या बर्फाचाही अंश असतो. त्यातील काही बर्फ उत्तराखंडातील औली येथील उतारांवर पडलेले असते. तेथील पाणी अलकनंदेस मिळते आणि देवप्रयागास अलकनंदा व भागीरथी यांचा संगम झाल्यावर त्या प्रवाहास गंगा हे नाव प्राप्त होते.

औली हे जोशीमठाच्या वरच्या बाजूस सुमारे २५०० ते ३००० मीटर उंचीवर पसरलेले कुरण आहे. हिवाळ्यात तेथे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, चालतो. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील काही सामने येथे झाले.

उंच जावे तसतशी हवा थंड होते. हे प्रमाण दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअस धरतात. काशी समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर उंच आहे. घाटावर १५ अंश तापमान असेल, तर ढोबळ हिशेबाने ३००० मीटर उंचीवर ते उणे ४ अंश येईल. परंतु केवळ थंडीने हिम पडत नाही. त्यास बाष्पही लागते. हिवाळ्यात हे बाष्प मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ घेऊन येतात. ते दुर्बळ असले, तर कडाक्याची थंडी पडूनही उतार उघडेच राहतात.

आता तापमानवाढीचा परिणाम पाहू. हवा १ अंशाने तापली, तर शून्य अंशाची पातळी सुमारे १५० मीटर वर सरकते. गुलमर्ग येथील तारमार्ग सुमारे ३९५० मीटरपर्यंत जातो. म्हणून तेथे वर सरकण्यास वाव आहे. औलीच्या उतारांचा उभा विस्तार मात्र सुमारे ५०० मीटरच आहे. २ अंशांची वाढ झाल्यास ही पातळी ३०० मीटर वर जाते, म्हणजे निम्म्याहून अधिक विस्तार तिच्या कक्षेत येतो. लहान हिमक्रीडास्थळे आधी संकटात सापडतात, ती याच कारणाने. २०२३ साली पुरेसे बर्फ नसल्याने औली येथील राष्ट्रीय स्पर्धा रद्द कराव्या लागल्या.

यंत्राने हिम तयार करता येते. दाबाखाली पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवले असता ते गोठतात. माठातील पाणी बाष्पीभवनाने थंड होते, तसेच येथेही होते. म्हणून कोरड्या हवेत हे काम सुलभ होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने सुमारे उणे २ अंश वा त्याहून कमी तापमान दाखवले, तरच हे यंत्र नीट चालते. उबदार रात्री त्याचा उपयोग नाही.

ताज्या हिमाचा १० सेंटीमीटर थर वितळला, तर सुमारे १ सेंटीमीटर पाणी मिळते. हे पाणी उन्हाळ्यात सावकाश नद्यांस मिळते. काशीपर्यंत येता येता पावसाच्या व भूजलाच्या पाण्यापुढे त्याचा वाटा अल्प होतो. पर्वतातील झरे, शेते आणि गावे मात्र त्यावर अधिक अवलंबून असतात. म्हणून औलीचे उघडे पडलेले कुरण हा केवळ खेळाडूंच्या निराशेचा विषय नाही. वरच्या खोऱ्यातील लोकांना पुढील उन्हाळ्याची ती सूचना असते.

अभ्यास : तापमान ३ अंशांनी वाढल्यास शून्य अंशाची पातळी किती मीटर वर सरकेल? औलीच्या उतारांचा किती भाग तिच्याखाली येईल?