मराठी नाटकाचा ‘टोनी’ कोणता?

प्रश्न : टीव्हीवर अमेरिकेतला टोनी पुरस्कारांचा सोहळा पाहिला. मराठी नाटकांसाठी असा काही सोहळा आहे का? आणि तो टोनीच्या तोडीचा मानायचा का?
– एक वाचक, जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर

उत्तर : आहे. ‘झी नाट्य गौरव’ हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. त्यात व्यावसायिक नाटकांबरोबर प्रायोगिक नाटकांचाही विचार होतो, आणि हे मला फार मोलाचे वाटते. टोनीचे कुंपण याहून कितीतरी अरुंद आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेची जेमतेम चाळीसेक थिएटरे, त्यातही पाचशे किंवा अधिक खुर्च्यांचीच. त्याच शहरातल्या छोट्या थिएटरात कितीही उत्तम नाटक चालू असले, तरी ते या मुख्य स्पर्धेत येत नाही.

टोनी सुरू झाला 1947 मध्ये, अँटोनेट पेरी या अभिनेत्री-दिग्दर्शिकेच्या स्मरणार्थ. देशभर टीव्हीवर तो प्रथम दिसला 26 मार्च 1967 रोजी. त्या वर्षी ‘कॅबरे’ सर्वोत्कृष्ट संगीतिका ठरली आणि हॅरॉल्ड पिंटर यांचे ‘द होमकमिंग’ सर्वोत्कृष्ट नाटक. त्याच वर्षी 24 डिसेंबरला आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग झाला. मुंबईत दूरदर्शन यायला मात्र 1972 उजाडले. त्या संगीत नाटकातले वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब गावोगाव पोचले ते दौऱ्यांमुळे आणि ध्वनिमुद्रिकांमुळे.

टोनीच्या प्रक्षेपणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्या वर्षीच्या संगीतिकांचे कलाकार तिथे आपापल्या प्रयोगातले एखादे गाणे वेशभूषेसह सादर करतात. घरबसल्या प्रेक्षकाला नाटकाचा खराखुरा तुकडा पाहायला मिळतो, आणि तो आवडला की तिकीटविक्रीही वाढते. आपल्या सोहळ्यांत विनोदी प्रहसने आणि सिनेमातल्या कलाकारांची नृत्येच बराच वेळ घेतात. माझे स्पष्ट मत असे, की नामांकन मिळालेल्या प्रत्येक नाटकाला तिथे निदान एका प्रवेशाची जागा मिळायला हवी. ‘संगीत देवबाभळी’चेच पाहा. प्राजक्त देशमुख यांच्या या नाटकात रंगमंचावर आवली आणि रखुमाई या दोघीच. नाव पुकारणे, टाळ्या आणि आभाराचे भाषण यांतून त्या दोघींचा संवाद कसा कळणार? म्हैसुरात बसलेल्या मराठी माणसाला तर नवे नाटक पाहायचे दुसरे सोपे साधन नाही, म्हणून हे मी आग्रहाने लिहितो आहे.

आता तोडीचे म्हणाल, तर टोनीसारखी एकच सर्वमान्य मोहोर मराठीत नाही, मान अनेक ठिकाणी वाटलेला आहे. सांगलीत 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. रंगकर्मी ते आयुष्यभराच्या कामाची पावती मानतात. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे पुरस्कार गो. ब. देवलांच्या स्मृतिदिनी, 14 जूनला असतात. शासनाची राज्य नाट्य स्पर्धा हौशी संस्थांची, आणि संगीत नाटकांसाठी तिची वेगळी स्पर्धा. मुंबई-पुण्यात कधी नाव न निघालेला नट या स्पर्धेच्या केंद्रावर परीक्षकांसमोर उभा राहतो. तिथून वर आलेले कितीतरी कलावंत पुढे व्यावसायिक रंगभूमीवर गाजले. या स्पर्धेवर वाहिन्यांचे कॅमेरे क्वचितच वळतात, पण मराठी नाटकाला नवी माणसे पुरवण्याचे काम तिने कोणत्याही झगमगत्या सोहळ्यापेक्षा जास्त केले आहे असे मला वाटते.

भाषेची मर्यादा नको असेल, तर दिल्लीतला ‘मेटा’ नाट्यमहोत्सव पाहा. महिंद्रा समूहाचा हा उपक्रम 2006 पासून चालू आहे. देशभरातून निवडलेली नाटके तिथे प्रत्यक्ष सादर होतात, परीक्षक प्रेक्षागृहात बसून ती पाहतात आणि मगच पुरस्कार ठरतात. नाटकाचा न्याय असाच, जिवंत प्रयोग पाहून व्हायला हवा.

तुम्हाला तर इतक्या लांबही जायला नको. ब. व. कारंत यांनी 1989 मध्ये उभारलेले ‘रंगायण’ तुमच्याच गावात, कलामंदिराच्या आवारात आहे. रंगायणाच्या ‘बहुरूपी’ महोत्सवात कन्नडशिवाय इतर भाषांतली नाटकेही येतात. वेळापत्रक जाहीर झाले की त्यात मराठी नाटक आहे का ते पाहा, आणि असेल तर घरातल्या मुलांनाही सोबत न्या.