गंजिफाची चित्रसृष्टी

कोल्हापूरला लोक कौतुकाने 'कलापूर' म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार होता. बाबूराव पेंटर यांचा कुंचला याच नगरीत नाटकांचे पडदे रंगवीत असे व तेथूनच ते पुढे चित्रपटाकडे वळले. या कलावंतांची नावे आज सर्वतोमुखी आहेत. परंतु याच मुलखाच्या शेजारी, सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, एक अशी चित्रकला नांदत आली आहे की, तिच्या बहुतेक चित्रकारांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती; ती हातात धरून खेळण्यासाठी होती. त्या चित्रांचे नाव गंजिफा.

कोल्हापूरहून आजऱ्यावरून निघालेला रस्ता आंबोलीचा घाट उतरतो आणि सावंतवाडीस पोचतो. गावाच्या मध्यभागी मोती तलाव आहे व तलावाच्या काठी भोसले घराण्याचा राजवाडा आहे. त्या राजवाड्याच्या दरबारात आज चित्रकार काम करताना दिसतात. त्यांच्यासमोर तळहातावर मावतील एवढ्या वाटोळ्या चकत्या असतात. एका चकतीवर एक मासा पोहत असतो, दुसरीवर पाच कासवे ओळीने बसलेली असतात. तिसरीवर सिंहाच्या मुखाचा आणि मानवी देहाचा नरसिंह प्रकट झालेला असतो. तांबडा, पिवळा, हिरवा, काळा अशा झळझळीत रंगांनी ती चकती खुललेली असते. ही चकती म्हणजे गंजिफाचे एक पान होय.

आपल्या परिचयाच्या पत्त्यांच्या जोडात बावन्न पाने असतात आणि चार रंग असतात. दशावतारी गंजिफाच्या जोडात 120 पाने असतात व रंग दहा असतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम अशा एकेका अवताराचा एकेक रंग. प्रत्येक रंगात बारा पाने. त्यांतील एक राजाचे, एक प्रधानाचे आणि बाकीची दहा पाने एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. राजाच्या पानावर त्या अवताराचे चित्र असते. साध्या पानांवर अवताराची खूण असते. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, वामनाची कमंडलू, परशुरामाची परशू आणि रामाची बाण. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे व सत्तीवर सात मासे काढलेले असतात. पानावर आकडा लिहिलेला नसतो. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही मासे मोजता येतात.

आता चित्रकाराच्या श्रमाचा हिशेब करून पाहावा. एकापासून दहापर्यंतच्या आकड्यांची बेरीज पंचावन्न होते. म्हणजे एका मत्स्याच्या रंगासाठी पंचावन्न मासे काढावे लागतात आणि कूर्माच्या रंगासाठी पंचावन्न कासवे. दहा रंगांच्या मिळून 550 खुणा होतात. शिवाय राजांची व प्रधानांची वीस चित्रे निराळीच. आणि या साऱ्या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, कारण पहिला मासा गुबगुबीत व पंचावन्नावा हडकुळा झाला, तर जोड बिघडला.

हा खेळ मूळचा इराणकडचा. मोगलांबरोबर तो हिंदुस्थानात मानमरातबाने आला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात 1527 सालच्या नोंदीत लिहून ठेवले आहे की, सिंधच्या शाह हसनला या खेळाचा नाद होता व त्याने मागणी केल्यावरून आपण त्याला गंजिफाची पाने पाठविली. बाबराचा नातू अकबर याच्या काळी अबुल फजल याने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या गंजिफाचे वर्णन केले आहे. ते वाचताना एखादी अद्भुतकथा वाचल्याचा भास होतो. त्यात घोड्यांचा राजा अश्वपती आहे, हत्तींचा राजा गजपती आहे. वनचरांच्या रंगाचा राजा स्वतः वाघ आहे व त्याचा प्रधान आहे बिबट्या! सर्पांच्या रंगाचा राजा तर ड्रॅगन नावाच्या काल्पनिक प्राण्यावर स्वार झालेला सर्प आहे. मनुष्यांप्रमाणे पशूंचीही राज्ये असावीत, त्यांनाही राजे आणि प्रधान असावेत, ही कल्पना किती गमतीची!

आठ रंगांचा आणि 96 पानांचा मोगल गंजिफाही पुष्कळ ठिकाणी खेळला जात असे. परंतु गावोगावच्या चित्रकारांनी या परक्या खेळाला आपल्या देवांची आणि आपल्या प्राण्यांची रूपे दिली. ओरिसातील रघुराजपूर, बंगालमधील विष्णुपूर, कर्नाटकातील म्हैसूर येथे गंजिफाची निरनिराळी वळणे तयार झाली. सावंतवाडीच्या मुलखात दशावताराला एक विशेष स्थान आहे. तेथे देवळांच्या जत्रांत रात्र रात्र दशावतारी नाटके रंगतात. ज्याने लहानपणी देवळापुढच्या मांडवात अवतार पाहिले, त्याच्या हातून पुढे पानावर अवतार उतरावेत, यात नवल नाही.

सावंतवाडीच्या चित्रांत प्राणी आणि कल्पना यांची मोठी मनोहर गाठ पडलेली आहे. मत्स्याचे कमरेपासून वरचे अंग देवाचे व खालचे माशाचे असते. कूर्म तसाच कासवातून वर आलेला असतो. वराहाच्या मानवी देहावर रानडुकराचे मस्तक असते. असे प्राणी कोणत्याही अरण्यात सापडावयाचे नाहीत. तथापि त्यांतील कासव खरे कासव वाटते आणि मासा खरा मासा वाटतो. समुद्र आणि रान ही दोन्ही या प्रदेशाला जवळ आहेत. ज्याने माशाचे कल्ले व खवले नीट न्याहाळले नाहीत, त्याला अर्धा मासा आणि अर्धा देव यांचा सांधा साधता येणार नाही. कल्पनेला उंच उडी घ्यावयाची असेल, तर पाय ठेवावयाला निरीक्षणाची भक्कम जमीन लागते.

पान तयार करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जुन्या रीतीप्रमाणे कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवीत आणि वाळवीत. मग त्यांतून वाटोळ्या चकत्या कापीत. त्यांवर खडूची पांढरी पुटे देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत. असे घोटलेले पान कुंचला सहज सरकू देते. प्रथम भूमीचा रंग, मग आकृती आणि शेवटी बारीक रेषा, असा क्रम असे. सर्वांच्या अखेरीस लाखेचा हात फिरे. या लाखेमुळे पानाला चकाकी येई आणि ते हाताच्या घामाने खराब होत नसे. पानाची पाठ मात्र सर्व जोडात एकाच रंगाची ठेवावी लागे. नाहीतर प्रतिस्पर्ध्याला पान ओळखू आले असते.

गंजिफाचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. एक 'दरबारी कलम' आणि दुसरा 'बाजारी कलम'. राजेरजवाड्यांसाठी काढलेली पाने दरबारी. त्यांत सोन्याचा वापर असे, दागिन्यांतला मणी न् मणी रेखलेला असे. काही जोड हस्तिदंताच्या व कासवाच्या पाठीच्या चकत्यांवरही काढीत. ज्या कूर्माला अवतार मानून रंगवावयाचे, त्याच्याच पाठीची चकती करावयाची, ही विसंगती त्या काळी कोणाला जाणवली नसावी. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे त्यातील सुधारणांनी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. आजचा चित्रकार हत्ती आणि कासव रंगवितो. त्यांना इजा न करता रंगवितो.

बाजारी पाने सामान्य लोकांसाठी असत. ती स्वस्त असावी लागत, म्हणून ती झपाट्याने काढावी लागत. बाजारासाठी शेकडो मासे काढता काढता चित्रकाराने माशाचे सर्व अनावश्यक अवयव गाळून टाकले. एक वळणदार फटकारा म्हणजे अंग, दोन छोटे फटकारे म्हणजे शेपटी आणि एक ठिपका म्हणजे डोळा. इतके झाले की मासा सिद्ध! दरबारी पानाकडे पाहून आपण चकित होतो, परंतु बाजारी पानाकडे पाहून आपल्याला हसू येते, आणि तो मासाही आपल्याकडे पाहून हसतो की काय, असे वाटते. विकण्यासाठी केलेली कला हलकी असते, असे मानण्याचे कारण नाही. थोडक्या मोबदल्यात थोडक्या रेषांनी प्राणी जिवंत करणे, हेही मोठे कसब आहे.

हा खेळ बुद्धीला ताण देणारा होता. बहुधा तीन गडी खेळत आणि प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येत. दिवसा खेळ असेल, तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करावयाची. रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे जाई. त्यातच निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्या रंगांत एक्का मोठा. कोणती पाने पडली आणि कोणती उरली, हे सारे ध्यानात ठेवावे लागे.

पुढे काळ पालटला. यंत्रावर छापलेले बावन्न पानांचे पत्ते विलायतेहून आले व नंतर इकडेही छापले जाऊ लागले. ते अगदी थोड्या पैशांत मिळत. त्यांचा खेळ शिकावयास सोपा होता. हातांनी 120 पाने रंगविणारा चितारी यंत्राशी किती काळ टक्कर देणार? लोकांनी खेळ सोडला, तसे गिऱ्हाईक सुटले. आणि गिऱ्हाईक सुटले, तसे चितारी इतर कामांकडे वळले. संस्थानांचा आश्रयही गेला. सावंतवाडीचे संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले. कोल्हापूरचे त्याच्या पुढच्याच वर्षी झाले. दरबारी कलमाला दरबार उरला नाही आणि बाजारी कलमाला बाजार उरला नाही.

अखेर अशी वेळ आली की, सावंतवाडीत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले. एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत शतकांची कला शिल्लक होती. ती पुस्तकात लिहिलेली नव्हती. खळ किती दाट असावी, दगड किती दाबावा, कुंचला कोठे उचलावा, हे त्या बोटांनाच ठाऊक होते. ते गेले असते, तर त्यांच्यामागे मासा पोहणार नव्हता आणि कासव हलणार नव्हते.

1970 नंतरच्या काळात राजवाड्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या गोष्टीकडे लक्ष पुरविले. त्यांनी केवळ जुनी पाने कपाटात जपून ठेवली नाहीत. स्वतः या वृद्ध कारागिराकडून ती विद्या समजून घेतली आणि गावातील तरुण मुलामुलींना शिकविण्याची सोय केली. ज्या दरबारात पूर्वी मानकरी बसत, तेथे रंगांच्या वाट्या आल्या. जे चित्रकार पूर्वी दरबारासाठी राबत, त्यांच्या पुढच्या पिढीसाठी दरबारच कारखाना बनला.

परंतु नुसते शिकवून भागत नाही. शिकणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे. म्हणून गंजिफाच्या जोडांबरोबर त्याच नक्षीचे डबे, तबके, पाट, पेट्या अशा लाखकामाच्या वस्तूही तयार होऊ लागल्या. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळे पूर्वीपासून विकली जातच होती. आता गंजिफाही प्रवाशांच्या नजरेस पडू लागला. रूडी फॉन लायडन या जर्मनीत जन्मलेल्या व मुंबईत राहिलेल्या अभ्यासकाने भारतीय गंजिफांचा मोठा संग्रह केला व त्यांवर ग्रंथ लिहिला. 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात गंजिफांचे प्रदर्शनही भरले. खेड्यातल्या बाजारी माशाला तेथे काचेच्या पेटीत मान मिळाला.

तथापि एक गोष्ट मनाला लागून राहते. आज गंजिफाचा जोड विकत घेणारे पुष्कळ जण तो भिंतीवर लावतात किंवा भेट म्हणून देतात. तो खेळता येणारे फार थोडे आहेत. चित्र वाचले, पण खेळ अजून पुरता वाचला नाही. आणि हे चित्र तर खेळासाठीच जन्माला आले होते. हातात पंख्यासारखी पाने धरावी, एखादे हळूच सरकवावे आणि मत्स्याच्या राजाने सारा डाव जिंकावा, यासाठी जन्माला आले होते. चितारी आपले काम करीत आहेत. मासा रंगून तयार आहे, कासवही तयार आहे. आता त्यांना हवे आहेत खेळगडी.

स्वाध्याय

1. गंजिफाच्या पानांवर आकडे नसूनही पान कसे ओळखता येते?
2. दशावतारी जोडातील खुणांची संख्या 550 कशी होते, ते हिशेब करून दाखवा.
3. 'दरबारी कलम' व 'बाजारी कलम' यांतील फरक सांगा. त्यांपैकी तुम्हांला कोणते अधिक आवडेल व का?
4. 'कल्पनेला उंच उडी घ्यावयाची असेल, तर पाय ठेवावयाला निरीक्षणाची भक्कम जमीन लागते.' या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
5. सर्वतोमुखी असणे, टक्कर देणे, मनाला लागून राहणे यांचा वाक्यांत उपयोग करा.
6. तुमच्या परिसरातील एका प्राण्याचे नीट निरीक्षण करा व कमीत कमी रेषांत त्याची खूण काढा. तीच खूण एका वाटोळ्या कागदावर दहा वेळा काढून 'दश्शी' तयार करा.