अंगदुखीची गोळी आणि दारू

सभासद बंधू-भगिनींनो,

हंगामात आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा एक गोष्ट हमखास नजरेस पडते. दिवसभर दारे धरून, मोळ्या वाहून अंग ठणकते. संध्याकाळी दुकानातून गोळी आणायची, वर थोडी 'घ्यायची' आणि आडवे व्हायचे. "झोप गाढ लागते, साहेब," असे एका सभासदाने आम्हांस सांगितले. पंधरवड्यातच त्यांना रक्ताची उलटी झाली. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून ते वाचले.

टू-फोर-डी मारलेला पंप न धुता वांग्यावर चालवला, तर पाने आकसतात. औषध वाईट नव्हे, गाठ चुकीची पडली. गोळीचेही तसेच आहे.

१) पॅरासिटॅमॉल : यकृतात ही गोळी मोडताना थोडे विष तयार होते व यकृतच ते निकामी करते. रोज पिणाऱ्याच्या यकृताची ही ताकद घटलेली असते. निरोगी मोठ्या माणसासही २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. पिणाऱ्याची मर्यादा याहून कमी. ती डॉक्टरांनीच ठरवावी. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत हेच औषध असते, तेही हिशोबात धरावे. क्वचित घेणाऱ्यास योग्य मात्रेतील एखाद्या गोळीने सहसा अपाय होत नाही.

२) आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन : यांनी जठराचे अस्तर दुखावते, दारूनेही दुखावते. दोन्ही मिळून जखम व रक्तस्राव होऊ शकतो. उन्हात घाम गेलेला असल्यास मूत्रपिंडावरही ताण येतो. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नये.

३) ट्रॅमाडॉल : दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून माणूस झोपेतच दगावू शकतो.

डांबरासारखी काळी शौचास होणे, चहाच्या चोथ्यासारखी उलटी, डोळे पिवळे होणे, जागे न होणे : यांपैकी काहीही दिसल्यास १०८ ला फोन करावा. पॅरासिटॅमॉल जादा पोटात गेल्यास पहिल्या दिवशी फारसे जाणवत नाही. पण उतारा ८ तासांच्या आत मिळाला तर उत्तम लागू पडतो, म्हणून 'सकाळी बघू' म्हणू नये.

गोळी चालू असेल तर दारू नको, आणि दारू घेतली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. पिण्याची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. हा मजकूर तोडणी टोळीच्या मुकादमांनाही वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी